एका विहिरीवर दोन मळे : मोबाईलवरून लॅपटॉपला इंटरनेट

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे माझे गाव. आमच्या घरी तारेने येणारे इंटरनेट नाही. आहे तो वडिलांचा मोबाईल आणि मी विकत घेतलेला एक जुना लॅपटॉप. या दोहोंची गाठ कशी घालावी, हे मी एका रात्री ठेच खाऊन शिकलो. तो धडा माझ्या ग्रामीण मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची ती शेवटची रात्र होती. वडील म्हणाले, "घे बापा फोन, पन मले कापसाचा भाव पाहा लागते, आटप लवकर." मी लॅपटॉप जोडला. अर्ध्या तासात दिवसभराचा दीड जीबी डेटा संपला! अर्ज तसाच राहिला. असे का व्हावे?

थोडा इतिहास पाहू. भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाली. पंधरा दिवसांच्या अंतराने आलेली ही भावंडे पुढे एकाच यंत्रात नांदू लागली. २०१० साली अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत मोबाईलचे इंटरनेट दुसऱ्या यंत्रास देण्याची सोय आली.

ही सोय म्हणजे एका विहिरीवर दोन मळे भिजविणे होय. मोबाईल मनोऱ्याकडून माहिती घेतो व लॅपटॉपला पोचवितो. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो मोबाईलचा. लॅपटॉपला घरगुती पत्ता मिळतो आणि कोणते उत्तर कोणासाठी आले, याची नोंद मोबाईल ठेवतो. गावच्या पोस्टमनसारखेच हे काम आहे.

जोडण्याचे मार्ग तीन. पहिला वायफाय हॉटस्पॉट. मोबाईलच्या सेटिंगमध्ये तो चालू करावा, किमान आठ अक्षरांचा पासवर्ड ठेवावा आणि लॅपटॉपच्या वायफाय यादीत मोबाईलचे नाव निवडून तोच पासवर्ड द्यावा. यात बॅटरी लवकर उतरते. दुसरा मार्ग यूएसबी केबलचा. केबल जोडून सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. यात मोबाईल चार्जही होत राहतो. वीज गेली तर मात्र लॅपटॉपच्या बॅटरीवर दुहेरी भार पडतो. तिसरा ब्लूटूथ. दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून हे नाव पडले. त्यास वीज कमी लागते, पण वेगही कमीच.

आता माझी चूक. वायफाय दिसताच लॅपटॉपला वाटते, पाणी फुकटचे आहे. तो आपल्या प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या गुपचूप उतरवू लागतो. माझा दीड जीबी तिथेच गेला. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय चालू करावा, म्हणजे बहुतेक मोठी उतरवणी थांबते. आपोआप सुरू होणारी चलचित्रेही बंद ठेवावीत.

अनेक योजनांत रोजचा डेटा संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. आठ बिटांचा एक बाइट; म्हणजे सेकंदाला केवळ ८ किलोबाइट. दोन एमबीची कागदपत्रे पाठविण्यास २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक लागतात. तेवढ्यात संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढते. नवा डेटा मध्यरात्री मिळणार होता, पण अर्जाची मुदतही मध्यरात्रीच संपत होती.

अखेर शेजारच्या काकूंनी आपला मोबाईल दिला. मी आधी मीटर्डची खूण केली, मगच अर्ज उघडला. सव्वाअकराला पोच मिळाली. एकूण खर्च झालेला डेटा पाहिला, तर तो पन्नास एमबीसुद्धा नव्हता!

वडिलांनी सकाळी विचारले, "झालं का काम?" मी हो म्हणालो, पण त्या रात्री कापसाचा भाव त्यांना पाहता आला नव्हता, हे मला ठाऊक होते. विहीर सामाईक असली की आपल्या पाळीचे पाणी जपून वापरावे लागते. हे आमच्या शेतकरी घरात कोणी शिकवावे लागत नाही. मी मात्र ते लॅपटॉपपाशी विसरलो होतो.