शेड नवी, बेस जुना

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात वसंत जानेवारीतच येतो. नागपुरात आम्ही स्वेटर घालून फिरत असतो आणि काउंटरवर 'स्प्रिंग'च्या फिकट गुलाबी, पीच, न्यूड शेड्स मांडलेल्या असतात. इकडे गौरी-गणपतीची खरेदी चालू असते, तर तिकडे 'फॉल'चे विटकरी आणि तपकिरी रंग येतात. मग 'फेस्टिव्ह', मग डिसेंबरचा 'हॉलिडे' संच. हे पंचांग थंड देशांच्या हवेवर बेतलेलं आहे. आपल्या पावसाळ्याला आणि लग्नसराईला त्यात उशिरा जागा मिळाली.

मी नवरीचा मेकअप करते. त्याआधी एका मोठ्या दुकानात प्रसाधनांच्या काउंटरवर उभी असायचे. म्हणजे ही कलेक्शन्स मी विकली आहेत, दुसऱ्यांना लावली आहेत आणि एका दिवाळीच्या संचापायी स्वतःचे ओठ सोलूनही घेतले आहेत. त्या दुखण्यातून जे कळलं ते नवी लिपस्टिक घेताना कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

दर मोसमाला नवा रंग ही तशी जुनीच युक्ती. अमेरिकेत रेव्हलॉनने नखं आणि ओठ एकाच रंगात रंगवायची कल्पना रुजवली आणि वसंत-शरदात नव्या शेड्स वाजतगाजत आणायला सुरुवात केली. १९५२ सालची त्यांची 'फायर अँड आइस' ही लाल शेड आजही जाहिरातींच्या इतिहासात सांगितली जाते. त्याच वर्षी आपल्याकडे टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे सुरू केलं. तेव्हापासून खेळ तोच आहे. कंपनी रंग पुढे करते, आपण रंगाला भुलतो. पण ओठांवर सकाळपासून रात्रीपर्यंत राहतो तो नुसता रंग नव्हे. तो ज्यात कालवलेला असतो ते मेण, तेल, सिलिकॉन आणि सुवास हे सगळं सोबत राहतं. आमच्या धंद्यात त्याला बेस म्हणतात.

माझं झालं ते असं. दिवाळीला एक लिक्विड मॅटचा संच घेतला. सोनेरी डबी, आत छोट्या कुप्या, व्हॅनिलाचा गोड वास. त्यातली डाळिंबी शेड मला इतकी आवडली की तुळशीचं लग्न झाल्यावर कामं सुरू झाली तशी मी तीच रोज लावू लागले. पहाटे हळदीला लावली की रात्री रिसेप्शन आटोपेपर्यंत हलायची नाही. काही आठवड्यांनी ओठांचे कोपरे चुरचुरायला लागले. मग पापुद्रे सुटू लागले आणि ओठांच्या कडेने काळपट रेघ उमटली. विदर्भातली थंडी कोरडी, त्यामुळे घरीदारी एकच निदान: "हवा आहे गं, तूप लाव." मी तूप लावलं, बाम लावला. बाम लावल्यावर तासभर बरं वाटायचं, मग आग वाढायची. सावजी रस्सा समोर आला की डोळ्यांत पाणी यायचं, तेही पहिला घास घेण्याआधी.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ओठांना जे जे लागतं ते सगळं घेऊन या." लिपस्टिक, लायनर, बाम, टूथपेस्ट असं सगळं पिशवीत घालून नेलं. मग पॅच टेस्ट झाली. पाठीवर निरनिराळ्या घटकांच्या चकत्या चिकटवतात, ४८ तास तशाच ठेवतात, काढल्यावर एकदा पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. माझ्या पाठीवर दोन जागा लाल झाल्या: सुवासिक द्रव्यांचं मिश्रण आणि प्रोपिल गॅलेट. हे दुसरं तेल खवट होऊ नये म्हणून घालतात, खाद्यपदार्थांतही वापरतात. सुवास लिपस्टिकमध्ये होता आणि ज्याला मी औषध समजत होते त्या बाममध्येही होता.

या दुखण्याला कॉन्टॅक्ट कायलायटिस म्हणतात. सगळं बंद, डॉक्टरांनी दिलेलं मलम त्यांनी सांगितले तेवढेच दिवस, आणि एरवी बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली. सोलणं थांबलं, पण कडेची काळी रेघ उन्हाळ्यापर्यंत गेली नाही. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर दाह झाला की मागे डाग राहतो, आणि तो दाहापेक्षा फार सावकाश जातो.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ती लिपस्टिक बनावट नव्हती. पक्कं बिल होतं, बॅच नंबर होता, नियमात न बसणारं त्यात काही नव्हतं. हजारो जणी ती लावत असतील आणि त्यांना काही होत नसेल. दुसरी, सुवासाची उत्पादनं मी वर्षानुवर्षं वापरत होते. अ‍ॅलर्जी अशीच जडते: शरीर बराच काळ सोसतं आणि एक दिवस सोसेनासं होतं. टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्याही आयुष्यभर तीच टिकली लावत होत्या. "मला आजवर कधी काही झालं नाही" हे वाक्य नव्या लिपस्टिकसाठी हमीपत्र नाही.

खोक्याची पाठ वाचा

घटकांच्या यादीच्या शेवटी बहुतेक वेळा 'मे कंटेन' असे शब्द येतात आणि पुढे रंगांचे सीआय क्रमांक असतात. त्याचा अर्थ असा की आधीची यादी त्या रेंजमधल्या सगळ्या शेड्सना सारखीच, फक्त पुढचे रंग कमी-जास्त. म्हणजे नव्या कलेक्शनमधली शेड जुन्याच रेंजची असेल आणि त्या रेंजने तुम्हाला त्रास दिला असेल, तर नवा रंगही देईल. उलट एखादी रेंज तुम्हाला मानवत असेल, तर तिच्या नव्या शेड्स तुलनेने निर्धास्तपणे घ्या. ब्रँडचं नाव पाहण्यापेक्षा रेंजचं नाव पाहणं महत्त्वाचं आहे, कारण एकाच ब्रँडच्या दोन रेंजचे बेस पार वेगळे असू शकतात.

सुवास 'फ्रॅग्रन्स', 'परफम', 'अरोमा' किंवा 'फ्लेवर' या नावांनी येतो. सणाच्या संचांना हमखास वास असतो, कारण डबी उघडताच भेटवस्तूसारखं वाटायला हवं. ओठ भरीव दिसावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या 'प्लम्पिंग' ग्लॉसमध्ये मिरचीचा, दालचिनीचा किंवा पुदिन्याचा अर्क असतो. ती चुणचुण हेच त्याचं काम आहे, त्यामुळे नाजूक ओठांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. एरंडेल तेल कित्येक लिपस्टिकचा पाया आहे, पण क्वचित कुणाला त्याचीही अ‍ॅलर्जी असते. 'नैसर्गिक' लिहिलं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि सीआय ७५४७० दिसलं तर तो कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे. माझ्याकडे येणाऱ्या जैन मुली हे आवर्जून विचारतात, आणि बरोबरच करतात.

नवी लिपस्टिक आधी कोपराच्या आतल्या बाजूला, सकाळ-संध्याकाळ, एकाच जागी आठवडाभर लावून बघा. खाज, लाली, पुरळ काही आलं तर ती ओठांवर नेऊच नका.

रंग उन्हात ठरवा

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली अबोली रंग खुलतो आणि बाहेर रस्त्यावर आला की भगवा दिसतो. टेस्टर मनगटावर ओढण्यापेक्षा बोटाच्या टोकावर ओढा, तिथली त्वचा ओठांच्या रंगाला जास्त जवळची. मग दारापाशी, दिवसाच्या उजेडात या. टेस्टर थेट ओठांना लावू नका. त्याला आधी किती जणींचे ओठ लागून गेले आहेत हे काउंटरवाल्या मुलीलाही माहीत नसतं. मी तिच्या जागी उभी राहिले आहे.

स्प्रिंग कलेक्शनमधल्या फिकट न्यूडबद्दल खास सांगते. रंग फिका करायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य भरपूर घालतात. गव्हाळ ओठांवर त्यामुळे राखट झाक येते आणि चेहरा आजारी दिसतो. आपल्याला न्यूड हवा असेल तर तो कॅरॅमल, चहा, विटकरी या कुळातला बघावा, आणि स्वतःच्या ओठांपेक्षा अर्धी छटा गडदच घ्यावा. आपल्यापैकी अनेकींच्या ओठांची कडा मूळचीच गडद असते. तिच्यावर फाउंडेशन थापण्याऐवजी त्याच रंगाचं लायनर लावून ती आत मिसळून घेतली, तर कुठलीही शेड बसते.

ऋतू आपला धरा

लिक्विड मॅटमधलं पातळ द्रव्य लावल्यावर उडून जातं आणि रंगाचा पातळ पडदा ओठांवर उरतो. म्हणून ती घामाला आणि पावसाला दाद देत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि मे महिन्यातल्या लग्नांत, मी तीच वापरते. मात्र हा पडदा पाणी सोसतो, तेल नाही. पंगतीत तर्रीचा रस्सा किंवा भजी आली की ओठांच्या मधोमध रंग उतरणारच. 'ट्रान्सफरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी नवरीच्या मैत्रिणीच्या पर्समध्ये ती कुपी ठेवायला मी सांगतेच.

डिसेंबर-जानेवारीत तोच पडदा कोरड्या ओठांवर तडकतो. तेव्हा क्रीम किंवा सॅटिन स्टिक बरी. आधी बिनवासाची जेली लावायची, दहा मिनिटांनी टिपून घ्यायची आणि मग रंग. रात्री काढताना वाइपने खसाखसा घासू नका. खोबरेल तेल लावून थोडं थांबा, रंग आपोआप सुटतो.

उन्हाळ्यात स्टिक लिपस्टिक गाडीत ठेवू नये. पूर्ण वितळली नाही तरी मऊ पडते आणि वर तेलाचे थेंब येतात. थेंब टिपून ती वापरता येते, पण वास खवट झाला असेल तर टाकून द्या, कितीही महाग असो.

खरेदी लग्नाच्या बरीच आधी

लग्न ठरलं की मुली नव्या फेस्टिव्ह शेडच्या मागे लागतात. लिमिटेड एडिशन संपली की संपली. साखरपुड्याला आवडलेली शेड लग्नापर्यंत मिळेनाशी होते. मुख्य दिवसासाठी नेहमी मिळणारी शेड ठरवा आणि मोसमी रंग संगीत-मेंदीला वापरा. ओठांवर प्रथमच येणारी कुठलीही वस्तू लग्नाच्या किमान महिनाभर आधी वापरून झालेली असावी. मेकअप करणारीने लिपस्टिक थेट ओठांवर टेकवली तर तिला थांबवा. स्वच्छ स्पॅट्युलाने पॅलेटवर काढून ब्रशनेच लावायला हवी.

संच घेताना वजनही बघा. नेहमीच्या स्टिकमध्ये साधारण साडेतीन ग्रॅम माल असतो, संचातल्या छोट्या कांड्यांत बराच कमी. ग्रॅममागे भाव काढला की सूट किती खरी ते कळतं. मोठ्या सवलतीत गेल्या मोसमाचा माल निघतो, तेव्हा उत्पादनाची आणि मुदतीची तारीख वाचा. उघड्या डबीच्या चिन्हात २४ एम लिहिलेलं असेल तर ते उघडल्यापासूनचे महिने.

बनावट माल आणि अंगठीची अफवा

खऱ्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर असतो. आयात मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. खोक्यावरचा आणि नळीच्या बुडाचा बॅच नंबर जुळत नसेल तर परत करा. संशय पक्का असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, म्हणून बिल जपून ठेवा.

सोन्याची अंगठी घासली आणि काळी रेघ आली की लिपस्टिकमध्ये शिसं आहे, हा निरोप मात्र पुढे पाठवू नका. त्या रेघेचा शिशाशी संबंध नाही. शिशाची तपासणी प्रयोगशाळेत होते. अमेरिकेच्या एफडीएने ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी दहा लाख भागांत १.११ भाग शिसं निघालं, सर्वाधिक ७.१९. आपल्याकडे रंगद्रव्यांसाठी २० भागांची मर्यादा आहे. चिंता करायचीच तर ज्या मालाच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही, त्याची करा.

माझी पसंती

नव्या शेड्स मी आजही बघते, घेतेही. पण पेटीत कायम राहतात त्या मोजक्या: डाळिंबी, निळसर झाक असलेला लाल, विटकरी, राणी आणि एक चहाच्या रंगाचा न्यूड. सगळ्या बिनवासाच्या रेंजमधल्या. पैठणीपासून कुर्त्यापर्यंत बहुतेक सगळं यात निभावतं, आणि दोन रंग मिसळले की त्या मोसमाची 'नवी' शेडही घरच्या घरी तयार होते.

आणि ज्यांचे ओठ आत्ताच चुरचुरत आहेत त्यांनी आज सगळं बंद करावं, बाम धरून. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचं मलम आपल्या मनाने आणू नये. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना लिपस्टिक एकटी नेऊ नका, तिचं खोकंही न्या. निदान बहुतेकदा त्या बारीक अक्षरांत सापडतं.