येत्या आठवड्याचे ऊन : अंदाज कसा वाचावा?

मे महिना लागला की नागपूरकर सकाळी पेपर हाती घेतल्याबरोबर आधी कमाल तापमानाचा आकडा पाहतात. पारा ४४ वर होता की ४५ वर, यावर पानठेल्यावर चांगली चर्चा रंगते. पण तो आकडा कालचा असतो. ते ऊन आपण सोसून बसलेले असतो. प्रकृतीच्या दृष्टीने कामाचा असतो तो पुढच्या पाच-सात दिवसांचा अंदाज. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी तो निघत असतो. डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसा तो वाचावा, असे मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगतो.

पहिली गोष्ट, हे तापमान सावलीतले असते. तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, वारा खेळता राहील अशा जागी ठेवलेला असतो. तेव्हा ४४ अंशांच्या दिवशी डांबरी रस्त्यावर हातठेला ओढणारा माणूस ४४ अंशांत नसतो, त्याहून कितीतरी अधिक तापत असतो. ऐकीव आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि शहरभर खळबळ उडाली. यंत्रातील बिघाडामुळे तसे झाल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंशांचा, तो २३ मे २०१३ चा.

'उष्णतेची लाट' हा शब्दही ठरलेल्या अर्थाने येतो. मैदानी भागात पारा किमान ४० वर असून सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढला, अथवा थेट ४५ ला भिडला, की लाट धरतात. ४७ झाले की तीव्र लाट. सोबत रंग असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. 'तुरळक ठिकाणी' असे वाचून काही मंडळी निर्धास्त होतात. त्या तुरळक ठिकाणांत आपले गाव नाही, हे कोणी सांगितले?

आता मुख्य मुद्दा. कमाल आकड्याच्या शेजारी किमान तापमान छापलेले असते, तिकडे कोणी पाहत नाही. दिवसभर शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलत असते, घाम गाळत असते. या कष्टाची भरपाई रात्री होते. रात्रीचा पाराच तीसच्या खाली उतरला नाही, तर हृदयाला विसावा मिळत नाही आणि दुसरा दिवस थकलेल्या शरीरानेच सुरू होतो. असे तीन-चार दिवस लागोपाठ गेले की ६५ च्या पुढची माणसे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, मधुमेहाचे रुग्ण ढासळतात, तेही घरात बसल्या बसल्या, उन्हात पाऊल न टाकता. म्हणून लाट किती दिवस टिकणार आहे आणि रात्री किती तापणार आहेत, हे दोन प्रश्न अंदाजाला आधी विचारावेत. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

तिसरा प्रश्न दमटपणाचा. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. आपल्याकडचे ४५-४६ अंश तेथे नव्हते. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही.

अंदाज वाचला की आठवड्याची आखणी करावी. केशरी किंवा लाल दिवस असतील तर बँकेची, बाजाराची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत. लग्नाची वरात भर दुपारी काढण्याचा हट्ट वरपक्षाने सोडावा. बँडवाल्यांनाही जीव असतो. तेंदूपत्ता तोडणारी मंडळी पहाटे रानात जाऊन ऊन चढण्याआधी परततात, ती रीत शहरातील बांधकामांवरही यावी. बाहेरगावाहून आलेल्या नव्या मजुराला पहिला आठवडाभर अर्धेच काम द्यावे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पन्हे, ताक, मठ्ठा अवश्य घ्यावा. मात्र ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आधी विचारावे. लघवी जास्त होण्याच्या, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनीही ऊन अधिक बाधते. त्या परस्पर बंद करू नयेत. लाट येण्यापूर्वी एकदा दाखवून घ्यावे. खिशातला कांदा उष्माघात टाळत नाही, पण कांदा आठवणाऱ्याला डोक्यावरचा दुपट्टाही आठवतो, म्हणून मी त्याला हसत नाही.

इतके करूनही ऊन लागलेच तर? घाम, पेटके, मळमळ, चक्कर येथपर्यंत सावली, मीठ-साखरेचे पाणी आणि विश्रांती यांनी भागते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याहून मीठ जास्त नको. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो. १०८ ला फोन करावा आणि गाडीची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, पंखा लावावा, मानेला, काखेत व जांघेत बर्फ धरावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. या वेळी मिनिटामिनिटाला किंमत असते. थंड करण्यास जितका उशीर, तितकी मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडाची हानी अधिक.

नवतपाच्या अखेरीस अंदाजात 'मेघगर्जनेसह पाऊस' असे दिसू लागते. पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि घरोघरी हायसे वाटते. पण हवेत ओल वाढली की कूलर गार हवा देईनासा होतो. तेव्हा कूलर असलेल्या खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर दमट हवा कोंडून म्हातारी माणसे गुदमरतात. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी, तेथे डेंग्यूचे डास वाढतात. आणि पाणी भरण्यापूर्वी कूलरचा प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही.