वारा कुठून येतो?

वारा डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचे काम दिसते. लिंबाची पाने हलतात. चुलीचा धूर वाकतो. देवळावरची पताका फडफडते. वारा कुठून येतो हे ज्याला कळते, त्याचे काम सोपे होते. कधी कधी जीवही वाचतो. कसा, ते या धड्यात वाचू.

वाऱ्याचे नाव

वारा जिकडून येतो, त्या दिशेचे नाव त्याला देतात. पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेकडे जातो. आपल्या नांदेड-लातूरकडे पावसाळ्यात वारा बहुतेक मावळतीकडून येतो. पण शेतात उभे असताना ‘बहुतेक’ कामाचे नाही. आत्ता वारा कुठून आहे, ते पाहावे लागते.

ज्यांनी खळ्यावर धान्य उपणले, त्यांना हे ठाऊक आहे. ज्वारी जड, ती पायाशी पडते. भुसा हलका, तो वाऱ्याबरोबर दूर जातो. वाऱ्याकडे तोंड केले तर सगळा भुसा डोळ्यांत! आता मळणीयंत्र आले. उपणणे कमी झाले. वारा पाहण्याची सवयही मोडली.

वारा ओळखायच्या चार रीती

१. चिमूटभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून सोडा. ती जिकडे जाते, तिकडे वारा जातो.

२. बोट ओले करून वर धरा. ज्या बाजूला गार लागते, तिकडून वारा येतो. त्या बाजूचे पाणी लवकर सुकते, म्हणून गार लागते.

३. डोळे मिटा. तोंड हळूहळू फिरवा. दोन्ही गालांना वारा सारखा लागला, दोन्ही कानांत सारखा आवाज आला, की वारा अगदी समोरून आहे.

४. काठीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधा. धागा वाऱ्याबरोबर उडतो.

ढगाकडे पाहून ठरवू नका. वर उंचावर वारा एका दिशेचा असतो, जमिनीवर दुसऱ्या.

शिडाच्या होडीचा धडा

समुद्रावर शिडाची होडी वाऱ्यावर चालते. ती शिकणाऱ्याला आधी वारा ओळखायला शिकवतात. शिडालाही असेच धागे बांधलेले असतात. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरके तिरके, वळणे घेत जावे लागते. नौदलातले मराठी अधिकारी कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या होडीतून एकटे निघाले. पृथ्वीला वळसा घालून मे २०१० मध्ये ते मुंबईला परत आले. असा प्रवास एकट्याने करणारे ते पहिले भारतीय.

नवा शिकणारा एका ठिकाणी फसतो. होडी पळू लागली की वारा समोरूनच येतो असे वाटते. फटफटीवर बसल्यावर आपल्यालाही तसेच वाटते. म्हणून खरा वारा पाहायचा तर आधी थांबा. उभे राहा. मग पाहा.

फवारणी आणि वारा

आता जिवाची गोष्ट. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. तिथे २०१७ साली फवारणीचे विष अंगात जाऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कपाशी डोक्याइतकी उंच वाढली होती. अनेकांच्या तोंडाला फडके नव्हते, हातात मोजे नव्हते. काही जण दोन-तीन औषधे एकत्र करून मारत होते. आपण ज्याला औषध म्हणतो, ते विषच आहे. वारा उलटा असला तर ते आपल्याच नाकातोंडात येते.

समजा, वारा पश्चिमेचा आहे. मग फवारणी शेताच्या पूर्वेच्या कडेपासून सुरू करा. दक्षिण-उत्तर ओळीने चाला. नळी पूर्वेकडे धरा. एक ओळ झाली की पुढची ओळ पश्चिमेकडची घ्या. असे केले की ओले पीक आणि विषाचा तुषार नेहमी तुमच्या पूर्वेला राहतो. तुम्ही कोरड्या पिकात, चांगल्या हवेत राहता.

वारा जोराचा असेल तर फवारू नका. लहान फांद्या हलू लागल्या की पंप ठेवून द्या. वारा अगदी पडला असला तरी थांबा, कारण बारीक तुषार हवेतच तरंगत राहतो. नुसती पाने हलतील एवढा वारा बरा. आभाळ भरून एकदम गार वारा सुटला तर काम बंद करा. तेव्हा वाऱ्याची दिशा फिरते.

वारा जिकडे जातो, तिकडे कोण आहे तेही बघा. शेजारच्या रानात बाया खुरपत असतील. गुरे चरत असतील. पाण्याची विहीर असेल. त्यांचाही जीव आपल्यासारखाच.

मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग झाली तर लगेच शेताबाहेर या. कपडे काढा. अंग साबणाने धुवा. औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा. “होईल बरं,” म्हणून निजू नका.

करून पाहा

आज सकाळी, दुपारी आणि सांजेला अंगणात थांबून वारा पाहा. तीन वेळची दिशा वहीत लिहा. दिशा बदलली का?

उत्तरे सांगा

१. उत्तरेचा वारा कोणत्या दिशेला जातो?
२. वारा पूर्वेचा असेल, तर फवारणी शेताच्या कोणत्या कडेपासून सुरू कराल?
३. वारा पडला असताना फवारणी का करू नये?