व्हँकुव्हरमध्ये घरी गांजाची चार रोपं: परवानगी, खर्च आणि धोके

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी गांजाची रोपं लावता येतात. पण नुकतेच शिकायला किंवा नोकरीला आलात, भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहता आणि मित्र म्हणतो, ‘इथे चालतं’, तर बी विकत घेण्याआधी हे वाचा. माहिती ब्रिटिश कोलंबिया प्रांताची आहे. प्रांत बदलला की नियम बदलतात. क्युबेकमध्ये घरी रोप लावायला मनाई आहे.

कोणाला, किती?

वय १९ पूर्ण हवं. मर्यादा चार रोपांची, आणि ती माणशी नाही, घरटी. एका घरात पाच विद्यार्थी राहत असले तरी एकूण रोपं चारच. रस्त्यावरून, बागेतून किंवा कोणत्याही सार्वजनिक जागेवरून ती दिसता कामा नयेत, म्हणजे उघडी बाल्कनी बाद. घरात पाळणाघर चालत असेल तर एकही रोप नाही. घरचा माल विकता येत नाही, ओळखीच्यांनाही नाही.

आधी कोणते कागद?

पहिला, भाडेकरार. घरमालक करारात लागवडीला मनाई करू शकतो. तसं कलम असेल तर विषय संपला. दुसरा, इमारतीचे नियम. इथल्या सोसायटीला स्ट्राटा म्हणतात आणि तीही मनाई करू शकते. नियमांची प्रत मागून घ्या, पानाला २५ सेंटपर्यंत आकार लागतो. तिसरा, घराचा विमा. लागवडीमुळे ओल आली किंवा आग लागली तर भरपाई मिळेल का, हे विमा कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचा होकार पुढे कामाला येत नाही. घरमालकाची परवानगीही लेखीच घ्या.

बी कुठून?

फक्त सरकारी किंवा परवानाधारक दुकानातून. फोटो असलेला वयाचा पुरावा न्या. पाकीट आणि बिल फेकू नका. चार-पाच बियांचं पाकीट साधारण ४० ते ६० डॉलरला पडतं. त्यावर ५ टक्के केंद्राचा आणि ७ टक्के प्रांताचा कर, म्हणजे ५० चं पाकीट ५६ ला. परदेशी संकेतस्थळावरून टपालाने बी मागवणं बेकायदा आहे, स्वस्त असलं तरी.

वाण निवडताना

आंबा, संत्रं, ब्लूबेरी अशा फळांच्या वासाच्या संकरित वाणांना मागणी आहे. तुमच्यासाठी त्यात दोन खर्च दडलेले आहेत. एक, वास जितका तीव्र, तितकी शेजाऱ्याची तक्रार लवकर. दोन, यातल्या अनेक वाणांची फुलं घट्ट असतात. दमट हवेत ओल आत अडकते आणि करडी बुरशी आतूनच सुरू होते. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वासापेक्षा ‘बुरशीपुढे तग धरणारं’ आणि ‘लवकर तयार होणारं’ हे शब्द पाकिटावर शोधा. व्हँकुव्हरचा उन्हाळा कोरडा असतो, पण नेहमीचं वाण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तयार होतं, नेमकं पाऊस सुरू होताना. दहा-बारा आठवड्यांत आपोआप फुलणारं वाण जूनच्या सुरुवातीला लावलं तर ऑगस्टअखेर हाती येतं. अंगण असेल आणि ते कुंपणाने झाकलेलं असेल, तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग.

घरात लावायचं तर किती खर्च?

अंदाज असा धरा. तंबू १०० ते १५० डॉलर. २०० वॉटचा एलईडी दिवा २०० ते ३००. पंखा आणि वास शोषणारा कार्बन फिल्टर १०० ते १५०. हवेतला ओलावा ओढणारं यंत्र २०० ते ३००. एकूण ६०० ते ९००. माती, कुंड्या, खत वेगळं.

आता वीज. दिवा दोन महिने रोज १८ तास आणि पुढचे दोन महिने १२ तास चालला तर ३६० युनिट. ओलावा ओढणारं ४०० वॉटचं यंत्र फुलांच्या दोन महिन्यांत रोज १२ तास चाललं तर २८८ युनिट. पंखा चोवीस तास, चार महिन्यांत सुमारे ११५. युनिटला १२ सेंट धरले तर एका पिकाला साधारण ९२ डॉलर. तुमचा दर बिलावर पाहा.

हे ओलावा ओढणारं यंत्र अनेकजण पैसे वाचवायला टाळतात. इथल्या हवेत तीच सगळ्यात महाग बचत ठरते. बुरशी लागलेलं फूल कापून उरलेलं वापरू नका, टाकून द्या. भिंतीला ओल धरली तर डिपॉझिट गेलंच समजा. वाळवायला आणखी एक-दोन आठवडे धरा. बी ते वापर, साडेचार महिने.

दुकानात २८ ग्रॅमचं साधं पाकीट साधारण १०० डॉलरच्या आसपास मिळतं. नुसत्या सामानाच्या पैशात अशी सहा ते नऊ पाकिटं येतात. पहिल्या पिकात बचत होईल ही अपेक्षा सोडा.

न दिसणारे खर्च

स्ट्राटाचा नियम मोडलात तर दंड २०० डॉलरपर्यंत, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर तो दर सात दिवसांनी पुन्हा लागू शकतो. महिनाभर दुर्लक्ष केलं तर ८०० डॉलरपर्यंत.

सगळ्यात मोठी किंमत व्हिसाची आहे. चारपेक्षा जास्त रोपं हा गुन्हा आहे आणि बेकायदा लागवडीला कमाल १४ वर्षांची कैद आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवणंही इमिग्रेशनच्या दृष्टीने गंभीर गुन्हा ठरतं. अभ्यास परवाना, कामाचा परवाना, अगदी पीआरही (कायम रहिवासाचा दर्जा) त्यामुळे जाऊ शकतो. एल (शिकाऊ) किंवा एन (नवा चालक) परवान्यावर गाडी चालवत असाल तर अंगात गांजाचा अंशही चालत नाही.

भारतात जाताना फूल, तेल, बी, काहीही बरोबर नेऊ नका आणि टपालानेही पाठवू नका. सीमा ओलांडून नेणं कॅनडातच गुन्हा आहे. भारतात अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा, १९८५ लागू होतो. गांजाच्या लागवडीला त्यात १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच कायदा आहे. तिथल्या गच्चीवर ‘एकच रोप’ हा बचाव नाही.

शेवटचा सल्ला

स्वतःचं घर, झाकलेलं अंगण, विमा कंपनीचं लेखी उत्तर आणि घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर कुलूप लागणारी जागा, हे सगळं असेल तरच लावा, आणि चारच लावा. भाड्याने राहत असाल किंवा पीआरची वाट पाहत असाल, तर लावू नका. शंभर डॉलरच्या पाकिटासाठी परवाना पणाला लावण्यात शहाणपण नाही.