केशरोपण : शस्त्रक्रियेपूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यास रोपलावणीचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. तरव्यात जेवढी रोपे असतील तेवढीच शेतात लावता येतात. रोपच अपुरे असेल, तर जमीन कितीही कसदार असली तरी ती भरून येत नाही. केशरोपणासही हाच नियम लागू आहे. या शस्त्रक्रियेत नवे केस निर्माण होत नाहीत. डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केस मुळांसह काढून टक्कल पडलेल्या जागी लावले जातात. असे केस नव्या जागीही आपला मूळ गुणधर्म टिकवून ठेवतात, हे अमेरिकेतील डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिले. मात्र ज्या मुळासह केस काढला, त्या ठिकाणी तो पुन्हा उगवत नाही. म्हणून मागील केसांचा साठा हे जपून वापरावयाचे भांडवल होय.

लग्नाच्या वयातील तरुण आज जाहिरातींवर विसंबून, प्रसंगी कर्ज काढून, या शस्त्रक्रियेसाठी शहराची वाट धरतात. त्यांनी व त्यांच्या पालकांनी पुढील बाबींचा शांतपणे विचार करणे इष्ट ठरेल.

प्रथम कारण शोधावे

दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. विषमज्वर, बाळंतपण अथवा मोठे आजारपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस अधिक गळू लागतात व काही महिन्यांत बहुधा पूर्ववत येतात. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, चाई किंवा डोक्यावरील नायटा यांवर औषधोपचार आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड आदी गावांतील अनेकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपासणीअंती गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखविले. पुढे अनेकांचे केस शस्त्रक्रियेविना पुन्हा उगवले. कारण न शोधता उपाय करणे किती अनाठायी ठरते, याचा हा बोलका दाखला आहे.

वयाचा विचार करावा

आनुवंशिक टक्कल अनेक वर्षे वाढत राहते. विसाव्या-बाविसाव्या वर्षी कपाळावरील भाग भरून घेतला आणि पुढे त्यामागील केस गळाले, तर लावलेला पट्टा एकाकी उरतो व तो सांधण्यास साठा शिल्लक राहत नाही. म्हणून तरुण वयात आधी औषधोपचार करून पाहणे श्रेयस्कर. शस्त्रक्रियेनंतरही उरलेले केस टिकविण्यासाठी औषध चालू ठेवावे लागते, हे ध्यानी ठेवावे.

जिवाची जोखीम ओळखावी

ही शस्त्रक्रिया कित्येक तास चालते व तीत बधिरीकरणाचे औषध द्यावे लागते. मे २०१६ मध्ये चेन्नई येथे वैद्यकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. त्या केंद्राकडे केशकर्तनालयाचाच परवाना असल्याचे चौकशीत आढळले. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यापाऱ्याने एकाच दीर्घ बैठकीत सुमारे साडेनऊ हजार केसांचे रोपण करून घेतले व त्यानंतर त्याचे निधन झाले. असे प्रसंग विरळा असले, तरी पुढील चौकशी अवश्य करावी :

१. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावयाची आहे. चित्रफिती पाहून मिळविलेले ज्ञान हे प्रशिक्षण नव्हे.

२. कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २००७ अन्वये त्या रुग्णालयाची नोंदणी झाली आहे काय?

३. तातडीच्या प्रसंगी प्राणवायू, आवश्यक औषधे व अतिदक्षता विभागाची सोय आहे काय?

४. एका बैठकीत किती मुळे लावणार व एकूण खर्च किती, हे लेखी मिळेल काय?

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधे, औषधांची ॲलर्जी यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

फलप्राप्तीचा कालावधी

लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळून पडतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस दिसू लागतात व पूर्ण परिणामास सुमारे एक वर्ष लागते. लग्नाची तिथी महिन्यावर आली असता घाईने केलेल्या रोपणाचा त्या दिवशी काहीच उपयोग होत नाही. दाट केसांची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

सारांश, टक्कल हा जिवावर बेतणारा आजार नाही. अविचाराने केलेली शस्त्रक्रिया मात्र जिवावर बेतू शकते. प्रथम तालुका रुग्णालयात प्रकृती तपासून घ्यावी, नंतर बेळगाव येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि मगच निर्णय करावा. शिक्षक व आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही माहिती तरुणांपर्यंत पोहोचविल्यास अनेक कुटुंबांचा पैसा वाचेल, आणि प्रसंगी प्राणही.