मायक्रोवेव्हचा आतला लाइट लागत नाही? बिल करण्याआधी हे तपासा

नंदुरबारच्या माझ्या दुकानात एक मायक्रोवेव्ह आला. गरम व्यवस्थित करत होता, पण आतला लाइट बंद. मी मल्टिमीटर बझरवर लावून बल्ब तपासला. मीटर वाजला नाही. नवा बल्ब घातला, तरी अंधारच! दोष होल्डरच्या सैल टर्मिनलमध्ये निघाला.

माझी चूक काय? बझर साधारण 50 ओहमच्या आतच वाजतो. 25 वॉटचा चांगला बल्बसुद्धा थंड असताना दीडशे-दोनशे ओहम दाखवतो. म्हणून बल्ब ओहमच्या रेंजवरच तपासा.

क्रम असा ठेवा:

1. आधी वॉरंटी विचारा. असेल तर खोलू नका, सर्व्हिस सेंटरला पाठवा.
2. आत कपभर पाणी ठेवून चालवा. चालताना लाइट लागतो, पण दार उघडल्यावर नाही, तर दाराचा स्विच बघा (काही मॉडेलमध्ये मुळातच तसं असतं). कधीच लागत नसेल तर बल्ब, होल्डर, वायर.
3. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये सुमारे 2000 व्होल्टचा चार्ज राहू शकतो. जाणकाराजवळ बसून डिस्चार्ज करणं शिकल्याशिवाय कव्हरला हात लावू नका. जीवाशी खेळ आहे.
4. दाराचा स्विच कधीही बायपास करू नका.

त्या दिवशी मी बल्बचे पैसे लावले नाहीत, फक्त मजुरी घेतली. ग्राहकाला दोष दाखवा, मगच बिल करा. उद्या त्याचा मिक्सरही तुमच्याकडेच येईल.