डिस्कच्या जोडणीसाठी महागडे कार्ड: पैसे देण्यापूर्वी हे वाचा

छापखाना असो, फोटो स्टुडिओ असो की होलसेलची पेढी, आपल्या बांधवांचा हिशेब आणि डिझाइने आता संगणकातच असतात. एक डिस्क बिघडली तरी काम थांबू नये म्हणून दोन-चार डिस्क एकत्र जोडतात. या पद्धतीला 'रेड' म्हणतात. तेथे विक्रेता हमखास सांगतो, "वेगळे रेड कार्ड घ्या, काम वेगात होईल." आमच्या मते लहान कारोबाराला हा सल्ला बहुधा महागात पडतो.

मूळ हिशेब सोपा आहे. तीन वह्यांत 40, 25 आणि 35 रुपये लिहिले आहेत आणि चौथ्या वहीत बेरीज 100. पंचवीसची वही फाटली तरी बेरजेतून बाकीचे वजा करून आकडा सापडतो. 'रेड 5' मध्ये अशीच बेरीज, निराळ्या गणिताने, डिस्कवर ठेवतात. 1988 साली बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड'ची कल्पना मांडली, तेव्हा संगणकाचा मुख्य प्रोसेसर मंद होता. त्यामुळे गणितासाठी कार्डावर वेगळा प्रोसेसर देण्यात अर्थ होता. आज मुख्य प्रोसेसर हे गणित सेकंदाला हजारो मेगाबाईटच्या वेगाने करतो. फिरणारी डिस्क मात्र दोन-अडीचशेच्या आसपास थांबते. म्हणजे अडचण गणिताची राहिलेलीच नाही. नव्या एनव्हीएमई डिस्क असतील तर कित्येकदा कार्डच आठपदरी रस्त्यावरचा एकुलता टोलनाका ठरते.

मग कार्डाचा वेग दिसतो तो कशामुळे? त्यावरील बॅटरीच्या आधाराच्या मेमरीमुळे. 'रेड 5' मध्ये लहानशी नोंद बदलायची तरी जुनी नोंद व जुनी बेरीज वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात, म्हणजे चार खेपा. कार्ड ती नोंद आधी मेमरीत घेते आणि "झाले" म्हणून कळवते. हा फायदा खरा आहे. पण बॅटरी काही वर्षांत थकते. तशी ती थकली की बहुतेक कार्डे मेमरीत साठवणे बंद करून थेट डिस्कवर लिहू लागतात आणि काम एकदम रेंगाळते. मालक बिचारा संगणक जुना झाला समजून नवा घ्यायला निघतो! बॅटरी नसताना मेमरी जबरदस्तीने चालू ठेवणे तर त्याहून वाईट. वीज गेली की त्या क्षणाच्या नोंदी गेल्या.

कार्डच जळाले तर डिस्क शाबूत असूनही बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावल्या की एमडीअ‍ॅडम हा प्रोग्राम त्यांच्यावरील खुणा वाचून जोडणी पुन्हा उभी करतो. मात्र ते जाणणारा माणूस हाताशी हवा, आणि यूपीएस हवाच. विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये बेरजेची पद्धत लिहिताना मंद असते. तेथे जोडीची पद्धत घ्यावी.

खरे तर एका दुकानाला दोन डिस्कची जोडी, म्हणजे 'रेड 1', पुरते. तीत बेरीजच नाही, तेव्हा कार्डाच्या गणिताचे पैसे कशाला द्यायचे? वाचलेल्या पैशातून बाहेरची एक डिस्क घेऊन रोज नक्कल काढावी, कारण चुकून पुसलेली फाइल जोडीतल्या दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. आणि विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी, संगणक अजून रिकामा असताना, त्याच्याच हाताने एक डिस्क काढायला लावून काम चालू राहते का ते पाहून घ्यावे.